दगडाचे देणे

दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस आपली छावणी कायम केली आणि पाहता पाहता छावणीचे शहर झाले. नाव मात्र 'लष्कर' असेच राहिले. या शहरातील खासगी बाजाराच्या नावातही आपल्या जुन्या कारभाराची एक खूण आहे. 'खासगी' म्हणजे राजाच्या घरखर्चाचे, दौलतीच्या हिशेबाहून वेगळे राखलेले खाते. शिलेदार, कारकून, फडणीस, पुरोहित, वैद्य, कीर्तनकार अशा नाना नात्यांनी आपले पूर्वज या फौजेमागून उत्तरेस आले. येताना त्यांनी मोडी लिपी आणली, कुलदैवतांचे टाक आणले, पंचांग आणले, पुरणपोळी आणि वरणभातही आणला. एक गोष्ट मात्र कोणालाही बरोबर आणता आली नाही, ती म्हणजे सह्याद्रीचा काळा दगड.

दक्षिणेतील वाडा आठवावा. काळ्या दगडाचे जोते, वर वीट आणि लाकूड, दारात घडीव पायऱ्या. ग्वाल्हेरीस आल्यावर आपल्या लोकांनी वाड्याचा नकाशा तोच ठेवला. चौक, ओसरी, माजघर आणि देवघर जिथल्या तिथे राहिले. बदलले ते अंग. इथल्या टेकड्यांत फिकट पांढरा, पिवळसर, कुठे हिरवट, कुठे तांबूस असा वालुकाश्म मिळतो. त्याच्या लांबरुंद पटिया निघतात आणि त्या भिंतीवरून भिंतीवर टाकल्या की छत तयार होते. त्याच दगडाच्या टोड्या सज्जाला आधार देतात, त्याचीच जाळी झरोक्यात बसते. हा दगड छिन्नीखाली लोण्यासारखा वागतो आणि ऊनपावसात पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. दक्षिणेत ज्याला आपण पाथरवट म्हणत होतो, तो इथे सिलावट किंवा संगतराश झाला आणि दगडात असे नाजूक काम करू लागला, की दक्षिणेतून आलेले पाहुणे आजही जाळ्यांसमोर थबकतात.

या दोन दगडांमध्ये डोळ्यांना न दिसणारा एक भेद आहे आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. सह्याद्रीचा काळा दगड हा थिजलेला लाव्हारस. त्यात सिलिका असते, पण ती बहुतेक इतर द्रव्यांशी बांधलेली. मोकळ्या स्फटिकांच्या रूपातील सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ, त्यात अत्यल्प. वालुकाश्म मात्र नावाप्रमाणेच वाळूचा. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पाण्याने आणून टाकलेले वाळूचे कण एकमेकांना चिकटून तो घडलेला असतो आणि वाळूचा कण म्हणजे बहुधा शुद्ध क्वार्ट्झच. काळ्या दगडावर छिन्नी चालवणाऱ्या पाथरवटाच्या श्वासात धूळ जाते. वालुकाश्म घडवणाऱ्या सिलावटाच्या श्वासात मोकळ्या सिलिकेची धूळ जाते. धूळ कोणतीही वाईटच. परंतु या दुसऱ्या धुळीने माणूस वेगळ्याच रीतीने मरतो.

ती रीत थोडक्यात अशी. छिन्नीच्या घावाने उडालेली जी धूळ डोळ्यांना दिसते, ती बहुतेक नाकातोंडात अडते आणि शिंकेवाटे वा थुंकीवाटे बाहेर पडते. घात करतात ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान कण. ते तासन्‌तास हवेत तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या कोशांपर्यंत पोहोचतात. तेथे पहारा करणाऱ्या पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत. कणाने पेशी मरते, तिच्यातून सुटलेला कण दुसरी पेशी गिळते, तीही मरते. या झटापटीच्या जागी व्रण पडतो, व्रणाची गाठ बनते, गाठी एकमेकींना मिळतात आणि मऊ, फुगणारे फुप्फुस हळूहळू कडक होत जाते. माणसाला आधी जिना चढताना दम लागतो, मग सपाटीवर चालताना, मग अंथरुणात पडल्या पडल्या. काम सोडले तरी आत गेलेली धूळ बाहेर येत नाही, आणि काम सोडल्यावरही आजार पुढे सरकत राहू शकतो. हे झालेले नुकसान भरून काढील असे औषध आजही उपलब्ध नाही. या रोगाला सिलिकोसिस हे नाव १८७० च्या सुमारास इटलीतील व्हिस्कोंटी या वैद्याने दिले.

नाव दीडशे वर्षांचे असले, तरी आजार दगडकामाइतकाच जुना आहे. जर्मन पंडित अॅग्रिकोला याने १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या खाणशास्त्रावरील ग्रंथात लिहून ठेवले आहे, की कार्पेथियन पर्वतातील खाणींच्या प्रदेशात सात-सात नवऱ्यांशी लग्न केलेल्या स्त्रिया आढळतात. सातही जणांना धुळीने अकाली नेलेले असते. इटलीच्या रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला आणि त्यात दगडफोड्यांच्या छातीच्या विकारांना जागा दिली. रोग्याला विचारावयाच्या जुन्या प्रश्नांमध्ये त्याने आपला एक प्रश्न जोडला: 'तुम्ही काम कोणते करता?' हा प्रश्न पुढे पुन्हा येणार असल्याने वाचकांनी लक्षात ठेवावा.

रामाझ्झिनीच्या ग्रंथापूर्वी दोन शतके ग्वाल्हेरच्या गडावर राजा मानसिंह तोमराचा महाल उठत होता. त्याही आधी, पंधराव्या शतकाच्या मध्यात, गडाच्या कड्यावर जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती जिवंत खडकात कोरल्या गेल्या होत्या. शिंदेशाहीत जयाजीरावांच्या काळी, १८७४ मध्ये, जयविलास राजवाडा पुरा झाला. पुढे माधवराव महाराजांच्या काळात बाड्याभोवतीच्या इमारती, छत्र्या आणि कचेऱ्या यांना भर आला. १८८३-८४ च्या कलकत्ता प्रदर्शनासाठी मेजर कीथ या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली इथल्या सिलावटांनी कोरलेली एक भव्य कमान तर पुढे लंडनला गेली, १८८६ च्या प्रदर्शनात उभी राहिली आणि तेथील संग्रहालयाच्या मालकीची झाली. या कमानीमागे कीथ यांचा एक हेतू इथल्या कारागिरांच्या हातांना काम मिळवून देण्याचा होता, आणि त्याबद्दल त्यांना श्रेय द्यायलाच हवे. मात्र कमानीबरोबर कीथ यांचे नाव आजही घेतले जाते आणि देणारा म्हणून शिंदे सरकारांचेही. ज्यांनी ती कोरली त्यांची ओळख 'ग्वाल्हेरचे कारागीर' एवढ्या दोन शब्दांत आटोपते.

आपण लेखणीच्या घराण्यातली माणसे. हिशेब ठेवणे हा आपल्यातील पुष्कळांच्या पणजोबांचा धर्म होता. बांधकामाच्या हिशेबात काय येते याची आपल्याला कल्पना आहे: दगड किती गाड्या, पटिया किती हात, चुना किती मण, मजुरी किती. ही वही खोटी नसते. पण मोजता येते तेवढेच तिला दिसते. जो सिलावट चाळिशीत खोकू लागला आणि कामावर यायचा थांबला, त्याची मजुरीही त्या दिवसापासून थांबली आणि त्याबरोबर वहीतील त्याची जागाही संपली. त्याचे पुढे काय झाले, हा हिशेबाचा भाग नव्हता. छातीत साचत गेलेला दगड कोणत्याही खाती जमा झाला नाही.

तो खात्यात न येण्याचे दुसरेही कारण आहे आणि ते भाषेतले आहे. माणूस खोकतो, बारीक होतो, संध्याकाळी कणकण येते, कफात रक्त दिसते. अशा माणसाला आपल्या घरांत आणि इथल्या मोहल्ल्यांतही एकच शब्द होता, क्षय. दम लागत असेल तर दुसरा शब्द, दमा. हे शब्द रोग्याची अवस्था सांगतात, रोगाचे मूळ सांगत नाहीत. क्षय म्हणजे झिजणे. कशाने झिजला, हे तो शब्द विचारीतच नाही. शिवाय क्षय म्हटले की घराला लागलेला डाग, मुलींच्या सोयरिकीत येणारी अडचण आणि नशिबाला दोष, एवढे सगळे त्याबरोबर येते. सिलावटाच्या घरी बाप गेला, मग थोरला गेला, तर लोक म्हणत की त्यांच्या घराण्यातच क्षय आहे. घराण्यात खरोखर जे होते, ते पिढीजात काम होते.

या घोटाळ्याला केवळ आपले अज्ञान कारणीभूत होते असे समजू नये. युरोपातही तेच झाले, आणि तेही विज्ञानाच्या एका मोठ्या विजयानंतर. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधून काढला. त्यापूर्वीच्या काळात धुळीने होणाऱ्या क्षयाविषयी वैद्य लोक लिहीत होते. जंतू सापडल्यावर सर्वांचे लक्ष जंतूकडे गेले आणि धूळ काही वर्षे मागे पडली. ती पुन्हा पुढे आली दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींमुळे. हवेच्या दाबावर चालणारी भेदणयंत्रे तेथे आली आणि धुळीचे प्रमाण अनेक पटींनी वाढले. इंग्लंडच्या कॉर्नवॉल प्रांतातून तेथे गेलेले तगडे खाणकामगार बोअर युद्धाच्या सुमारास घरी परतले आणि ऐन तारुण्यात दगावू लागले. जंतू सर्वत्र सारखाच असताना याच यंत्रावरची माणसे इतक्या संख्येने का मरतात, असा प्रश्न तेव्हा पडला. चौकश्या झाल्या आणि जंतूहून निराळे असे धुळीचे स्वतंत्र कर्तृत्व मान्य झाले. १९३० मध्ये जोहान्सबर्ग येथे आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने या एकाच रोगावर परिषद भरवली. त्याच सुमारास अमेरिकेत, पश्चिम व्हर्जिनियातील हॉक्स नेस्ट येथे, क्वार्ट्झयुक्त खडकातून बोगदा खणताना शेकडो मजूर काही महिन्यांच्या धुळीने मेले. त्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णीय होते.

जंतू आणि धूळ यांची मैत्रीही याच काळात ध्यानी आली. सिलिकेने जखमी झालेल्या फुप्फुसात क्षयाचा जंतू सहज घर करतो. म्हणून सिलावटाला क्षय झाला, हे पुष्कळदा खरेही असते. पण ते अर्धे सत्य असते आणि या रोगाच्या बाबतीत अर्ध्या सत्याने फार नुकसान केले आहे. क्षयाची औषधे दिली जातात, रोगी थोडा सावरतो, पुन्हा त्याच धुळीत जातो आणि परत येतो तेव्हा औषध काम करीत नाही.

आपल्या देशात या रोगाला कायद्याचे दार प्रथम कोठे उघडले, हे पाहण्यासारखे आहे. म्हैसूर संस्थानातील कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी १९४० मध्ये सिलिकोसिसविषयक नियम झाले. ती खाण इंग्रजी कंपनीची होती. तिथे हजेरीपट होता, इस्पितळ होते, क्ष-किरण यंत्र होते, आणि हजारो माणसे एकाच मालकाची असल्याने कोण किती वर्षे खाली उतरला हे सांगता येत होते. ग्वाल्हेरही संस्थानच होते आणि त्याच्या राज्यात दगडाचे काम कोलारहून कितीतरी जुने. पण इथला सिलावट आपल्या अंगणात, चार भावांत, आज या घराचे तर उद्या त्या देवळाचे काम करणारा. रोग दोन्हीकडे एकच होता. एकीकडे त्याची मोजदाद करता आली, दुसरीकडे आली नाही.

कापसाच्या धुळीचा इतिहास याच गोष्टीला दुजोरा देतो. कापूस पिंजण्याच्या व कातण्याच्या खात्यांत जी तुसाची धूळ उडते, तिने बिसिनोसिस नावाचा छातीचा विकार जडतो. आठवड्याच्या सुटीनंतर कामावर आलेल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे, ही त्याची पहिली खूण. मुंबईच्या गिरण्यांमध्ये के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० आणि ८० च्या दशकांत त्याचा अभ्यास केला. गिरणीला भोंगा होता, पाळी होती, खाते होते. म्हणून कोणत्या खात्यातील माणसे अधिक आजारी पडतात हे दाखवता आले. आपल्या गल्लीत हिवाळ्याच्या तोंडावर रजया पिंजून देणाऱ्या पिंजाऱ्याच्या छातीत तीच तुसे जातात. त्याच्या दारात मात्र कोणतीही पाहणी येत नाही.

आता ग्वाल्हेर राज्याच्याच दुसऱ्या टोकाला, मंदसोरला जाऊ. १८१८ मध्ये होळकर आणि इंग्रज यांचा तह जेथे झाला ते हे गाव शिंद्यांच्या राज्यात होते आणि १९४८ मध्ये मध्य भारत होईपर्यंत तेथे ग्वाल्हेरचा अंमल होता. आपल्यापैकी साठीच्या पुढच्या प्रत्येकाचा या गावाशी एक संबंध आला आहे, तो कोणाच्या लक्षात नसला तरी. पाटीवर आपण 'श्री' गिरवला तो बहुतेकांनी मंदसोरकडच्या पेन्सिलीने. त्या परिसरात निघणाऱ्या मऊ थरांच्या दगडापासून पाटीवरच्या पेन्सिली कापण्याचा धंदा तेथे वाढला आणि देशभर त्या जाऊ लागल्या. त्या दगडातही मोकळ्या सिलिकेचा अंश मोठा. विजेवर फिरणाऱ्या करवती आल्या, तसा लहानशा खोल्यांत कोरड्या दगडाच्या पिठाचा धुरळा दाटू लागला. त्या खोल्यांत पोरवयातली मुलेही बसत.

इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी १९७७ मध्ये या कामगारांच्या सिलिकोसिसवर आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानंतर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने मोठी पाहणी केली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत तपासलेल्या कामगारांपैकी अर्ध्याहून अधिक लोकांत सिलिकोसिस आढळला होता. इतर धंद्यांत ज्या आजाराला वीसवीस वर्षे लागतात, तो इथे थोड्या वर्षांतच दिसत होता आणि विशीतिशीतली माणसे त्यात होती. कोवळ्या बोटांना अक्षरओळख करून देणाऱ्या पेन्सिलीची ही दुसरी बाजू.

मंदसोरला कामगारांचा एक फार जुना लेख आहे, त्याचे इथे स्मरण होते. गुप्तकाळात लाट देशातून, म्हणजे आजच्या गुजरातेतून, रेशीम विणणाऱ्यांची एक श्रेणी तेथे येऊन वसली. त्या विणकरांनी स्वतःच्या पैशाने सूर्याचे मंदिर बांधले, पुढे त्याचा जीर्णोद्धार केला आणि इसवी सन ४७३ च्या सुमारास वत्सभट्टी नावाच्या कवीकडून संस्कृत प्रशस्ती रचून घेऊन ती शिळेवर कोरविली. आपण कोण, कोठून आलो, काय विणतो, हे त्यांनी अभिमानाने लिहविले. दीड हजार वर्षांनी त्यांची ओळख आपल्याला आहे, कारण त्यांची श्रेणी होती आणि श्रेणीला आपला शब्द होता. त्याच गावच्या पेन्सिल कापणाऱ्यांनी साऱ्या देशाला लिहायला शिकविले. त्यांच्याविषयी जे लिहिले गेले, ते प्रथम डॉक्टरांच्या क्ष-किरणपत्रांवर.

तरीही पुढे काही घडले, हे सांगणे न्यायाचे होईल. मध्य प्रदेश शासनाने १९८२ मध्ये स्लेट पेन्सिल कर्मकारांसाठी कल्याण निधीचा स्वतंत्र कायदा केला. एका जिल्ह्यातील एका धंद्याच्या कामगारांकरिता असा कायदा होणे ही आपल्याकडे विरळा गोष्ट. धूळ खेचून घेणारी यंत्रे बसविण्याचे प्रयत्न झाले. कायदा आणि यंत्रे येण्यापूर्वी एकच गोष्ट बदलली होती: त्या खोल्यांतील खोकल्याला कोणीतरी त्याचे खरे नाव दिले होते. नाव मिळाले तेव्हा कारण मिळाले, कारण मिळाले तेव्हा जबाबदार कोण हे विचारता आले.

जेथे नाव मिळत नाही तेथे काय होते, हे पाहायला लांब जावे लागत नाही. शिवपुरी ही शिंदे सरकारची उन्हाळ्यातील राजधानी. त्या जिल्ह्यातील दगडाच्या खाणींवर सहरिया आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राबत आले. वृत्तपत्रांनी तेथील काही गावांचे वर्णन 'विधवांची गावे' असे केले, तेव्हा अॅग्रिकोलाच्या सात नवऱ्यांच्या बायका पाचशे वर्षांनी आपल्या अंगणात आल्या. सहरियांमध्ये क्षयाचे प्रमाण देशाच्या सरासरीच्या कित्येक पट असल्याचे संशोधकांनी दाखविले आहे. त्याची कारणे अनेक आहेत; उपासमार आहे, दाट वस्ती आहे. पण त्यांतील जो माणूस दहा वर्षे खाणीवर होता, त्याच्या कागदावर 'क्षय' एवढेच लिहिले, तर त्याची विधवा कोणाकडेही काही मागू शकत नाही. क्षय कोणालाही होतो. सिलिकोसिस कामाशिवाय सहसा होत नाही, आणि काम म्हटले की मालक आला, मग भरपाईचा प्रश्न आला.

हा फरक किती मोठा ठरू शकतो, हे झाबुआ, अलिराजपूर आणि धार या जिल्ह्यांतील आदिवासींनी दाखवून दिले. ते मजुरीसाठी गुजरातेत गोध्रा आणि बालासिनोरकडच्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत गेले आणि काही महिन्यांच्या कामानंतर धाप घेऊन घरी परतले. त्यांच्या संघटनांनी गावोगाव नावे टिपली. कोण कधी गेला, कोणत्या कारखान्यात होता, कधी वारला, अशी ही वही होती. तीच पुढे न्यायालयात बोलली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये गुजरात सरकारने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत असे सांगितले आणि सर्वोच्च न्यायालयाने ४ मे २०१६ रोजी ते देण्याचा आदेश दिला. शेजारच्या राजस्थानाने २०१९ मध्ये अशा रोगांसाठी धोरण जाहीर करून निदान झालेल्यांना साहाय्य आणि निवृत्तिवेतन देण्याची तरतूद केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर लागू झालेल्या नव्या श्रम संहितेतही, कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत, सिलिकोसिस आहे. परंतु यादीतील नाव रोग्याच्या कागदावर उतरेल, तेव्हाच त्याचा उपयोग.

या सगळ्यात सर्वांत खिन्न करणारी गोष्ट ही, की हा रोग टाळता येतो आणि टाळण्याचा मुख्य उपाय शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. तो उपाय म्हणजे पाणी. दगड ओला ठेवून कापला, भेदणयंत्राच्या टोकाशी पाण्याची धार सोडली, की सूक्ष्म कण हवेत चढण्याऐवजी चिखल होऊन खाली बसतात. पाण्याबरोबर धूळ ओढून घेणारा पंखा, आणि मग त्यानंतर तोंडावरचा चांगला मुखवटा, हा क्रम आहे. नाकावर गुंडाळलेला पंचा किंवा गमछा सूक्ष्म कणांना अडवू शकत नाही. कामानंतर गूळ खाल्ला की धूळ उतरते, अशी समजूत अनेक कामगारांत आहे. गूळ पोटात जातो आणि धूळ फुप्फुसात असते.

आपल्या पिढीत धोका कमी न होता वाढला आहे, याचीही जाण हवी. हातछिन्नीने दिवसभरात जेवढी बारीक धूळ उडे, तेवढी विजेचे कटर काही मिनिटांत उडवते. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी 'क्वार्ट्झ' या नावाने विकला जाणारा कृत्रिम दगड तर बहुतांशी सिलिकेचाच असतो. तो कापणाऱ्या तरुण कारागिरांमध्ये सिलिकोसिस इतक्या झपाट्याने पसरला, की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदी घातली. आपल्या घरांतील पुष्कळ मुले त्या देशांत आहेत. तेथील बातमीने आपल्याला इथल्या कटरची आठवण व्हावी. लष्करातील जुने वाडे आता पाडले वा दुरुस्त केले जात आहेत. पणजोबांच्या वेळच्या पटिया कापल्या जातात, नव्या फरश्या बसतात आणि बंद खोलीत पांढरा धुरळा दाटलेला असताना आपण दाराबाहेर नाकाला पदर लावून उभे राहतो. आत जो कापतो आहे, त्याला पाण्याची नळी आणून देणे, ओले कापायला सांगणे, त्याने चिखल होईल आणि काम अर्धा दिवस लांबेल हे पत्करणे, चांगला मुखवटा स्वतः विकत आणून देणे, एवढे घरमालकाच्या हाती निश्चित आहे.

ज्यांच्या घरी वैद्यकी आहे त्यांच्या हाती याहून अधिक आहे. आपल्या समाजाने या शहराला अनेक वैद्य आणि डॉक्टर दिले. त्यांच्या दवाखान्याच्या पायरीवर खोकत बसलेल्या माणसाला ते किती दिवसांपासून खोकता असे विचारतात, ताप येतो का, वजन घटले का, हेही विचारतात. रामाझ्झिनीने तीनशे वर्षांपूर्वी जोडलेला प्रश्न त्यांत रोज असावा: काम कोणते करता, आणि पूर्वी कोणते करीत होता? उत्तर दगडाचे आले, तर कागदावर ते लिहावे, किती वर्षे तेही लिहावे आणि क्ष-किरणपत्र त्या दृष्टीने पाहावे. आपल्या पणजोबांनी ठेवलेल्या वह्यांत दगड मोजला गेला आणि दगड घडविणारा सुटला. तो हिशेब त्यांना पुरा करता आला नाही, कारण त्यांच्याजवळ त्या रोगाचे नाव नव्हते. आपल्याजवळ ते आहे.